इंदूरपासूनचं अंतर मोजून गाडी घ्या

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दमात दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या. शहरातल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी गट केला, कंपनीशी एकगठ्ठा भाव ठरवला आणि ६५ कोटींच्या आसपासचा सौदा केला. एरवी दुष्काळाच्या बातम्यांत येणारा मराठवाडा तेव्हा वेगळ्याच कारणाने देशभर गाजला.

त्या गाड्यांच्या आरसीची पंधरा वर्षं आता भरली आहेत. त्या वयाची एखादी ई-क्लास, पुन्हा नोंदणी करून, नव्या छोट्या गाडीच्या भावात कुणी दाखवली की केळीला बरा भाव मिळालेल्या बागायतदाराचा किंवा लूमवाल्याचा हात खिशाकडे जातोच. मोठ्या गाडीची हौस बुऱ्हाणपुरात पुष्कळांना आहे. मलाही आहे, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही.

फक्त एक हिशेब आधी करावा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी सहा लाखांत दारात आली तरी तिचा हेडलाइट चाळीस लाखांच्या गाडीचाच राहतो. त्यात आपलं गाव. या जर्मन गाड्यांसाठी आपण इंदूर गाठतो, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर, वाटेत असीरगडची चढण आणि पुढे भैरव घाट. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर चालती चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करता येत नाही, क्रेनवर चढवूनच न्यावी लागते. म्हणून माझा नियम साधा आहे: जवळ दहा लाख असतील तर आठची गाडी बघा आणि दोन लाखांना हात लावू नका.

या पैशांत स्कोडा सुपर्ब हमखास समोर येते, आणि यावीच. दुसऱ्या पिढीची सुपर्ब २००९ मध्ये आली. औरंगाबादजवळ शेंद्र्याला ती असेंबल व्हायची. तिच्या मागच्या सीटवर जसे पाय पसरता येतात तसे दुप्पट किमतीच्या गाडीतही पसरता येत नाहीत. घोडं अडतं ते गिअरबॉक्सपाशी. १.८ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. उष्ण आणि दमट हवेत त्यातल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होतो, असं आढळल्यावर फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांत खनिज तेल भरून दिलं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या गावात मी तरी तो गिअरबॉक्स घेणार नाही. २.० डिझेलच्या ऑटोमॅटिकला सहा गिअरचा, तेलात चालणाऱ्या क्लचचा डीएसजी आहे. तो दणकट, पण त्याचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं असायला हवं. त्याचं बिल मागा. बिल नसेल तर चहा पिऊन परत या. १.८ पेट्रोल मॅन्युअल मिळाली तर जरूर बघा, मात्र ते इंजिन ऑइल पितं, तेव्हा डिपस्टिक काढून बघायची सवय लावून घ्यावी लागेल.

बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५२०डी चालवायला काय गाड्या आहेत! पण २००७ ते २०११ च्या दरम्यानच्या त्यांच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. ती खडखडायला लागली की दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स, बहुधा इंजिनसुद्धा खाली उतरतं. टायर रन-फ्लॅट, स्टेपनी बहुतेकींत नाही. नेपानगरच्या रस्त्यावर रात्री अकराला तो टायर फाटल्यावर काय करायचं, याचं उत्तर तयार असेल तर घ्या.

माझं मत विचाराल तर टोयोटा कॅमरी हायब्रिड. २०१३ मध्ये ती भारतात आली तेव्हा किंमत तीस लाखांच्या आसपास होती. बॉनेटवर चांदणी नाही, सासुरवाडीला कुणी वळून बघणार नाही, आणि सेकंडहँड बाजारात ती झटपट उतरते ती याच कारणाने. आत मात्र बिघडायला थोडं आहे. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टर्बो नाही, नेहमीचा क्लच-गिअरबॉक्स नाही. अडीच लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, दोन विजेच्या मोटारी आणि त्यांना जोडणारा गिअरचा एक संच. कंपनीचा दावा लिटरला १९ किलोमीटरचा होता. लोक बॅटरीला घाबरतात, ते बरोबर आहे. ती मागच्या बाजूला असते आणि केबिनमधली हवा एका जाळीतून ओढून थंड राहते. गाडी लूमच्या आवारात उभी राहणार असेल तर त्या जाळीत रुईचा बुरा बसणारच, ती साफ ठेवा. घेण्याआधी टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीची तपासणी करून घ्या, विक्रेता नाही म्हणाला तर कारण कळलंच. बजेट पाच-सहाचंच असेल तर त्याच घराण्यातली कोरोला अल्टिस. ती मोठी गाडी नव्हे असं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

आता ‘दिल्ली पासिंग’. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून नवव्या-दहाव्या वर्षातल्या गाड्या तिथून एनओसी घेऊन बाहेरगावी निघू लागल्या. त्या स्वस्त आहेत, सगळ्या वाईट नाहीत. पण एमपी-६८ नंबर घेताना इथला टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि मोठ्या गाडीचा टॅक्सही मोठा. इसार देण्याआधी आरसीची प्रत घेऊन आरटीओत जा आणि आकडा विचारा. अनेकदा तिथेच स्वस्ताई संपते आणि इंदूरच्या पहिल्या मालकाची, दोन लाखांनी महाग वाटलेली गाडी परवडू लागते.

गाडी बघायला दुपारी जा. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला लावा, मग एसी पूर्ण सोडून असीरगडची चढण चढवा. मीटर मागे फिरवलेलं असेल तर स्कॅनर लावल्यावर दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्ये खरे किलोमीटर बऱ्याचदा सापडतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पाण्याखाली गेलेल्या गाड्याही कुठे ना कुठे विकल्या गेल्याच असणार, आणि चिखलाचा डाग पट्ट्याच्या टोकाला राहतो.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० सगळ्यांना माहीत असतात. कर्जाची गाडी असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आधी हातात घ्या, नुसता ‘एचपी काढून देतो’ हा शब्द नको. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागायला संकोच करू नका. विम्यावरचं नाव चौदा दिवसांत बदलून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे पहिला हप्ता अपेक्षेपेक्षा जास्त येईल. तो त्या बाजूला ठेवलेल्या दोन लाखांतूनच जाणार.