जलसंजीवनीची पुडी आणि नावाचा बाजार

जुलाबांनी मलूल झालेले मूल दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांनी नुसती जलसंजीवनीची पुडी लिहून दिली, तर आईबापांचा चेहरा उतरतो. सुई नाही, सलाईन नाही, मग फी कशाची? निदान डॉक्टरांना तरी तसे वाटते. कर्नाटक आणि बिहारमधील खासगी डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुडी न देण्यामागे नफा किंवा टंचाई यांपेक्षा ‘रुग्णाला ती नको असते’ हा समजच अधिक होता, असे त्यात आढळले. गंमत अशी की, पालकांनी आपणहून मागितली तर ती देण्याचे प्रमाण चांगलेच वाढत होते.

या साध्या पुडीची परीक्षा १९७१ साली बनगावला झाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली व पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. जेथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, तेथे हे प्रमाण चारच्या खाली आले.

यात खरी मेख प्रमाणाची आहे. जुलाबातही आतडे ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम आहे. साखर फार झाली की ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

नेमकी अशीच गोड पेये ‘ओआरएस’ हे नाव मिरवत औषधांच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे याविरुद्ध लढल्या. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०२२ मध्ये, खाली खुलाशाची ओळ छापण्याच्या अटीवर, हे नाव वापरू दिले होते. दुखणाईत पोर कडेवर घेऊन बारीक अक्षरांतला खुलासा कोण वाचणार? अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली.

आता घरातली चूक. लिटरची पुडी थोडी थोडी पेल्यात टाकू नये, प्रमाण बिघडते. सगळी पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवावी, चमच्याचमच्याने पाजावी, उरलेले पाणी चोवीस तासांनी ओतून द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल गुंगीत गेले, डोळे खोल गेले किंवा पाणीही पिईना, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे. तेथे सलाईन लागतेच.