अर्धे भाडे, पुरती फसवणूक

लंडन शहरात व आसपास राहणाऱ्या समस्त मराठी मंडळींस,

अटलांटिक महासागरावरून ये-जा करणाऱ्या विमानांचे जाहिरातीतील भाडे आणि प्रवाशाच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारे भाडे यांची गाठ कधी पडत नाही, हे आता शाळकरी पोरासही ठाऊक आहे. सबब ते सिद्ध करण्यात आम्ही आपला वेळ दवडणार नाही. परंतु २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्याशेजारी ‘न्यूयॉर्क १६९ पौंड’ अशी हातभर अक्षरे झळकली, त्या आकड्यावर भिस्त ठेवून हॅरो येथील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला राहणाऱ्या मेहुणीस आपण सहकुटुंब येत असल्याचे कळवून टाकले, आणि त्यानंतर जो हिशेब त्यांच्यापुढे आला तो पाहिल्यावर हे पत्रक काढणे आम्हांस भाग पडले.

हिशेब असा. नवरा, बायको आणि सोळा वर्षांखालील दोन मुले मिळून चौघे; जाहिरातीच्या मानाने खर्च ६७६ पौंड. प्रत्यक्षात शाळेच्या सुटीतील तिकीट मोठ्यांस प्रत्येकी ५४५ व मुलांस, त्यांना सरकारी प्रवासकर माफ असल्यामुळे, प्रत्येकी ४५५. मिळून २,००० पौंड. मेहुणीकडे रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून दोन बॅगा, त्यांचे जाऊन-येऊन २४०. चौघांना एका रांगेत बसता यावे म्हणून जागा राखण्याचे २५६. एकूण २,४९६. शब्द देऊन बसलेल्या माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. निमूटपणे पैसे भरले आणि दिवाळीचा फराळ हातातल्या पिशवीत कोंबला.

सुटीचे दिवस महाग असतात, बॅगेचे व बसण्याच्या जागेचे पैसे अलग घेतात, याविषयी पुष्कळ बोलता येईल आणि पुष्कळांनी बोलून झाले आहे. आमचा रोख त्या कशावरही नाही. या सगळ्या मखलाशीच्या मुळाशी जो एक शिरस्ता आहे, ज्याच्याकडे सरकार काणाडोळा करते आणि ज्याची प्रवाशांना इतकी सवय झाली आहे की त्यांना तो दिसतही नाही, त्यावर आम्ही बोट ठेवू इच्छितो. तो शिरस्ता म्हणजे अर्धे भाडे छापण्याचा. त्या १६९ च्या खाली, सरकत्या जिन्यावरून जाणाऱ्या माणसास वाचता येणार नाही अशा बेताने, एक ओळ असते: एका दिशेचे भाडे, परतीचे तिकीट घेतल्यास. म्हणजे १६९ पौंडांना कोणी न्यूयॉर्कला जाऊ शकत नाही, आणि १६९ पौंडांत कोणी न्यूयॉर्कहून येऊही शकत नाही. ३३८ पौंड मोजणाऱ्यास मात्र, आपण जाताना १६९ खर्चले व येताना १६९ खर्चले, असे मनाशी समजून घेण्याची पूर्ण मुभा आहे. कोल्हापुरी वहाणांच्या दुकानदाराने पाटीवर एकाच वहाणेचा भाव लिहिला, तर गिऱ्हाईक त्याच्याशी वाद घालत बसणार नाही. हसून पुढच्या दुकानात जाईल. विमानाच्या बाबतीत पुढच्या दुकानाच्या पाटीवरही बहुधा एकाच वहाणेचा भाव असतो.

हे अर्धे सुटे विकतात काय, याची आम्ही जातीने चौकशी केली. त्याच कंपनीचे, त्याच दिवसाचे, त्याच विमानातले नुसते जाण्याचे तिकीट मागितले असता ४१२ पौंड सांगण्यात आले. जाऊन परत येणाऱ्यास ३३८ आणि जाऊन तिकडेच राहणाऱ्यास ४१२! एवढ्यावर कोणी चतुर गृहस्थ म्हणेल की ३३८ चे घ्यावे आणि परतीचे फेकून द्यावे. पुष्कळ लोक तसे करतातही. पण उलट करून पाहा: जाण्याचे टाळून केवळ येण्याचे वापरू म्हणाल, तर पहिल्या टप्प्यास गैरहजर राहिल्याबद्दल कंपनी पुढचे सर्व टप्पे रद्द करते. जाहिरातीत जे दोन स्वतंत्र भाग म्हणून मिरवतात, तेच करारनाम्यात एकमेकांच्या गळ्यात बांधलेले असतात.

या अर्धेपणात आणखी एक गंमत आहे, ती पावती काळजीपूर्वक वाचणाऱ्यासच कळते. इंग्लंडमधून अमेरिकेस निघणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रौढ प्रवाशावर सरकार जो कर बसवते, तो एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षासाठी ९० पौंड व एप्रिल २०२६ पासून १०२ असा ठरलेला आहे. हा कर केवळ येथून निघताना लागतो. न्यूयॉर्कहून येताना तो नाही. म्हणजे जाण्याचा खर्च स्वभावतःच जड आणि येण्याचा हलका. पण जाहिरातदार एकूण रकमेचे सरळ दोन तुकडे करतो, त्यात सरकारी कराचेही दोन तुकडे होतात, आणि निम्मा कर परतीच्या प्रवासावर जाऊन बसतो, जेथे तो कोणी लावलेलाच नाही. तेव्हा छापलेला आकडा जाण्याचा नव्हे, येण्याचाही नव्हे. तो केवळ भागाकार आहे.

कोणी म्हणेल की पूर्वी तरी कोठे रामराज्य होते? नव्हते. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाची बोइंग विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली, तेव्हा बहुतेक सर्व कंपन्यांची भाडी त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ संगनमताने ठरवीत असे, आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. मात्र कोणत्याही खिडकीवर विचारले तरी ती तीच असत. तो इजारा मोडण्यासाठी फ्रेडी लेकर नावाच्या खटपट्या इंग्रजाने सहा वर्षे सरकारदरबारी भांडून २६ सप्टेंबर १९७७ रोजी गॅटविकहून न्यूयॉर्कसाठी ‘स्कायट्रेन’ ही विमानसेवा सुरू केली. भाडे ५९ पौंड. तिकडून येण्याचे १३५ डॉलर. आगाऊ आरक्षण नाही, जेवण विकत, तिकीट त्याच दिवशी रांगेत उभे राहून घ्यायचे. गैरसोय म्हणाल तर पुरेपूर. पण ५९ पौंड मोजणारा मनुष्य खरोखरीच न्यूयॉर्कला पोहोचत असे, आणि परत यायचे की नाही हा त्याचा खासगी प्रश्न होता. १९८२ च्या फेब्रुवारीत लेकरची कंपनी बुडाली. खऱ्या भावाने विकले म्हणून बुडाली, असा बोध यातून काढण्याची मुभा आम्ही जाहिरातवाल्यांना देणार नाही; फार मोठे कर्ज काढून विमाने घेतली म्हणून बुडाली.

त्यानंतर भाव लपवण्याची कला वाढत गेली. २००४ पासून तिकिटावर ‘इंधन अधिभार’ नावाचे वेगळे कलम चढले. लांबच्या परतीच्या तिकिटावर ते दोन वर्षांत ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेले, आणि ते परस्परांत ठरवून वाढवले गेल्याचे निष्पन्न होऊन २००७ साली एका नामांकित कंपनीस अमेरिकेत ३० कोटी डॉलर दंड झाला. पुढे २०१४ ते २०१६ या काळात खनिज तेलाचा भाव शंभर डॉलरवरून तिसाच्या खाली आला, तेव्हा अधिभार नाहीसा होईल अशी भाबड्या माणसांची अपेक्षा होती. कित्येक कंपन्यांनी फक्त त्यातला ‘इंधन’ हा शब्द काढला. असो, तो विषय स्वतंत्र पत्रकाचा आहे.

कायदा काय करतो? युरोपात २००८ च्या नियमाने आणि अमेरिकेत २६ जानेवारी २०१२ पासून, टाळता न येणारे सर्व कर व आकार मिळून होणारे पुरते भाडे सांगणे बंधनकारक झाले. अमेरिकेतील तीन कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. एकूण रक्कम सर्वांत ठळक छापण्याची सक्ती हा वाणीस्वातंत्र्यावर घाला आहे, असे त्यांचे गंभीर म्हणणे होते. त्या हरल्या, हे त्या देशाच्या न्यायासनास भूषणावह आहे. पण त्याच अमेरिकन नियमात, परतीचे तिकीट सक्तीचे असल्याचा खुलासा आकड्याजवळ ठळकपणे केला तर एका बाजूचे भाडे छापण्यास हरकत नाही, अशी फट ठेवण्यात आली. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार, पाटी लावण्याच्या अटीवर, उघडे ठेवण्याचा हा प्रकार आहे. ब्रिटनमध्येही २०२५ च्या एप्रिलपासून सक्तीचे आकार मागाहून उघड करण्यास कायद्याने बंदी आली. तिकिटाचा दुसरा अर्धा भाग हा जगातला सर्वांत सक्तीचा आकार आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

या शिरस्त्याचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. पहिली, प्रवाशाने तळटीप वाचावी. आम्ही वाचतो; पण ज्या आकड्याला तळटिपेवाचून उभे राहता येत नाही, तो मथळ्यात का जातो? दुसरी, सगळेच निम्मे छापतात, मग तुलना करणे सोपेच नाही काय? सगळ्यांनी पुरते छापले तरी तुलना तितकीच सोपी राहील; आणि ज्या कंपन्या प्रत्येक दिशा खरोखरच सुटी विकतात, त्यांचा खरा एकेरी भाव व यांचा काल्पनिक एकेरी भाव शेजारी शेजारी लागून आज प्रामाणिक माणूस महाग दिसतो, हे या युक्तिवादात बसत नाही. तिसरी गोष्ट ऐकली की मात्र आमचे मस्तक फिरते: ‘इतक्या स्वस्तात अमेरिका पाहायला मिळते, वर तक्रार कसली?’ विमानप्रवास स्वस्त झाला आहे हे आम्ही नाकारीत नाही. माल स्वस्त असला म्हणून मापात मारण्याचा हक्क कोणत्या धर्मशास्त्राने दिला, एवढेच विचारतो.

हा शिरस्ता मोडेपर्यंत प्रवाशाने काय करावे? पहिले म्हणजे, जाहिरातीतला आकडा आपोआप दुप्पट करण्याची सवय लावून घ्यावी व त्यात बॅगेचे पैसे मिळवल्यावाचून कोणाशीही तुलना करू नये. हातातल्या पिशवीपुरते ३३८ आणि बॅगेसह ३९० यांत दुसरे पुष्कळदा स्वस्त ठरते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, फेब्रुवारीतील शाळेच्या सुटीपूर्वीचे दिवस आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध, यांत मंगळवार-बुधवारी निघणाऱ्यास जाहिरातीच्या दुपटीत तिकीट खरोखर मिळू शकते. डब्लिनहून निघण्याचा विचारही करावा, कारण आयर्लंडने आपला प्रवासकर २०१४ साली उठवला. लंडन-डब्लिनचे तिकीट वेगळे घेतले तर त्यावर, २०२५-२६ च्या दराने, ९० ऐवजी १३ पौंडच कर लागतो, आणि अमेरिकेची पारपत्र-तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच उरकते. परंतु दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घेतल्यास कर न्यूयॉर्कच्याच दराने बसतो. वेगळे घेतल्यास पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही, तेव्हा एक रात्र मध्ये ठेवावी. आणि ज्यांचे पारपत्र अद्याप भारतीय आहे त्यांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. मुलांना कर माफच असल्यामुळे चौघांच्या कुटुंबास या द्राविडी प्राणायामाचा लाभ दोघांपुरताच.

हा सर्व उपद्व्याप मनुष्याने करावा, याला आमची हरकत नाही. काटकसर हा मराठी माणसाचा जुना धर्म आहे. परंतु भाव शोधणे निराळे आणि छापलेला भाव कशाचा आहे हे शोधणे निराळे. म्हणून आमची मागणी एका वाक्याची आहे: जे भाडे छापाल, त्या भाड्यास तेवढेच तिकीट सुटे विका; सुटे विकायचे नसेल, तर दोन्ही दिशांचे मिळून छापा.

ज्यांना ही मागणी मान्य असेल त्यांनी अशी जाहिरात दिसताच तळटिपेसह तिचे छायाचित्र घ्यावे, त्याच दिवशी त्याच कंपनीच्या नुसत्या जाण्याच्या भाड्याची नोंद करावी, आणि दोन्ही एकत्र जोडून जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार दाखल करावी. तीस शुल्क नाही. तक्रारीचा इंग्रजी मसुदा हे पत्रक जेथे वाटले जाईल तेथे फुकट मिळेल, आणि हे फुकट दोन्ही दिशांचे आहे.