आम्ही बदलीवाले : जाहीरनामा

आम्ही बदलीवाले. मोटरसायकलवरून जेवण पोचवणारे, कंत्राटावर झाडलोट करणारे, मॉलच्या दारात बारा तास उभे राहणारे. हे नाव आम्ही मुंबईच्या गिरणगावाकडून घेतलं आहे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची कापडगिरणी सुरू झाली. पाठोपाठ परळ-लालबागेत चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातला, घाटावरचा शेतकरी पगारी माणूस झाला. एका खोलीत पाळीपाळीने झोपला, खानावळवालीच्या हातचं जेवला. बायको गावी शेत राखत होती. आजारपण, म्हातारपण गावाने सोसलं, म्हणून मालकाला मजुरी कमी ठेवता आली.

त्यातही बदलीवाल्याचे हाल वेगळे. भोंग्याला तो गेटवर हजर. कोणी खाडा केला आणि माणसं नेमणाऱ्या जॉबरची मर्जी असली, तर साचा मिळायचा. नाहीतर आल्या पावली परत, बिनपगारी. आज गेट नाही, जॉबर नाही. हातातला फोन वाजला तर काम, नाहीतर नाक्यावर उन्हात उभं राहणं.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बदलीवाल्यांना कायम करा, ही त्यांचीही मागणी होती. संप मोडला, गिरण्या गेल्या, जमीन उरली. १९९१ च्या नियमाने तिच्यात महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटेकरी ठरवले. २००१ साली बांधकामाखालची जमीन वाटणीतून वगळली आणि शहराच्या वाट्याला तुकडे आले.

आमच्या घरातली चूकही आम्ही लपवणार नाही. कांडी संपली की विणकर नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. त्या धोट्याला विटाळ होईल म्हणून दलित कामगाराला साचेखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे शिरू दिलं नाही. अडवणारे मालकच नव्हते, सोबतचे कामगारही होते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना हे ठणकावून सांगावं लागलं. यंत्र आलं म्हणून जात गेली नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. जो कामाला बोलावतो, तोच मालक. मध्ये कंत्राटदार उभा करून हात झटकता येणार नाहीत.

२. कामासाठी थांबवून ठेवलेल्या वेळेचे पैसे द्या.

३. आठवड्याची सुट्टी पगारी हवी. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला. तो आम्ही सोडणार नाही.

४. गिरण्यांच्या जागी जे राबतात, त्यांना तिथेच परवडणारी भाड्याची घरं द्या.

५. आमच्या संघटनेत कोणतंही काम जातीने ठरणार नाही. निम्मी पदं बायकांकडे असतील.

सभासद होताना ओळखपत्र मागितलं जाणार नाही. ते आमच्यापैकी अनेकांना कोणी दिलेलंच नाही. काय काम करता ते सांगा, नाव लिहून घेऊ.