काल्पनिक देवता आणि खरे भगत

2009 साली आलेल्या ‘अवतार’ या इंग्रजी चित्रपटात पँडोरा नावाच्या काल्पनिक जगातील नावी जमात दाखविली आहे. आयवा ही तिची वनमाता आणि त्या मातेची इच्छा ओळखून सांगणारी एक स्त्री. जानेवारी 2010 मध्ये व्हॅटिकनच्या ‘ओस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने त्यातील निसर्गपूजेवर टीका केली. त्यानंतर अनेक देवता आणि अंगात येणारे पुजारी असलेले चित्रपट व संगणकावरील खेळ रहाटणीतल्या घराघरांत पोहोचले आहेत. त्यांमुळे आपल्या मुलांची श्रद्धा ढळेल, ही भीती मात्र मला अनाठायी वाटते. देवतुल्य शक्तींचे अवघे मंडळ कल्पिणारे टोल्कीन हे निष्ठावंत कॅथलिकच होते.

खरा धोका वेगळाच आहे. काल्पनिक धर्म आपल्याकडून काहीच मागत नाही. त्याच्या अनुयायांना भूक नाही, वनजमिनीचे दावे नाहीत, औषधासाठी पायपीट नाही. अशा धर्मावर भाळणे फार स्वस्त असते.

सह्याद्री उतरून डहाणू-जव्हारकडे गेले की अनेक देवतांचा जिवंत धर्म भेटतो. वारली बांधवांच्या हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव, कणसरी या देवता. तांदळाचे दाणे पाहून कौल सांगणारा त्यांचा भगत. लग्न लावणारी धवलेरी. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी विराजमान होते. आपल्या पडद्यांवर व उशांच्या अभ्र्यांवर तारप्याभोवतीचा नाच येतो, देवी मात्र बहुधा गळून पडते. शोभा आपण ठेवली, श्रद्धा टाकली. पडद्यावरील आयवेसमोर डोळे ओलावणारे आपणच वारल्यांच्या कणसरीला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. याला विवेक म्हणावे काय?

भगताचे सारेच गोड मानावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच्याजवळ वनौषधींचे ज्ञान असते. पण एखादीला भुताळी ठरविले गेले, तर त्या निष्पाप स्त्रीचे जीवन उद्ध्वस्त होते. म्हणूनच महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला. खऱ्या धर्मात चुकीची किंमत खरी माणसे मोजतात. तेथे कौतुकालाही जबाबदारी असते आणि टीकेलाही.

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, अशी घोषणा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी केली. ही शिकवण पँडोरासाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी आहे. तेव्हा पालकहो, मुलांचे चित्रपट बंद करू नका. पण ज्याच्या देवीचा चौक आपण शोभेसाठी उचलला, त्या माणसाचे नाव, गाव आणि दुःख त्यांना ठाऊक असू द्या. काल्पनिक वनवासीवर प्रेम करून शेजारधर्माचे ऋण फिटत नाही.