थोरला भाऊ : बाळू पालवणकर

आमच्या घराघरांतून आज क्रिकेट पाहिले जाते. चाळीच्या बोळात, वस्तीच्या मोकळ्या जागेत, फळकुटाची बॅट करून पोरे दिवसभर खेळतात. कोणत्या खेळाडूने किती धावा केल्या, हे त्यांना तोंडपाठ असते. परंतु या देशाचा पहिला थोर गोलंदाज एका अस्पृश्य घरातून आला, मैदान झाडता झाडता तो गोलंदाज झाला, हे मात्र त्यांतल्या किती मुलांना ठाऊक आहे? मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ते कुणी सांगितलेच नाही. म्हणून या वेळी आम्ही बाळू पालवणकर यांची आठवण आमच्या वाचक बंधू-भगिनींना करून देत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घर चर्मकाराचे. कोकणातले पालवण हे मूळ गाव, त्यावरून पालवणकर हे आडनाव. वडील लष्करात नोकरीला होते. त्या काळी लष्कर हेच आपल्या माणसाला दोन घास आणि दोन अक्षरे देणारे ठिकाण होते. महार असो, चांभार असो, ज्याच्या घरातला माणूस पलटणीत गेला त्याच्या मुलांना गावकुसाबाहेरचे जग दिसले. पालवणकरांचे बिऱ्हाड पुण्यात होते. तिथे गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले.

बाळू घरातला थोरला. थोरल्याच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शाळा अर्धवट सुटते आणि कमाईला लागावे लागते. बाळूही लागले. पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे १ रुपया जास्त मिळू लागला. खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची, रेघा मारायच्या, हे त्यांचे काम. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायला कुणीतरी हवे असे. तसा तो चेंडू बाळूंच्या हाती आला.

डाव्या हाताने ते मंद गतीचा चेंडू टाकत आणि तो असा वळवत की भल्याभल्यांची फजिती होई. त्या वेळी ग्रेग नावाचे एक कॅप्टन साहेब नावाजलेले फलंदाज होते. बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता, असे सांगतात. महिन्याला ४ रुपये मिळवणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे केवढी रक्कम! साहेबाचा सराव होत होता, बाळूंची चूल पेटत होती आणि त्यातूनच एक गोलंदाज घडत होता. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या या माणसाला त्या क्लबात सरावासाठी बॅट धरू दिली जात नव्हती. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी वाटणी तिथे होती.

गोऱ्यांना हरवायचे तर बाळू पाहिजे, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळून चुकले. पण अस्पृश्याला संघात कसे घ्यायचे? बरीच चर्चा झाली आणि शेवटी घेतले. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे. तोंड धुवायला पाणी लागले तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. ज्याच्या जिवावर सामना जिंकायचा, त्याला पाण्याच्या तांब्यापासून दूर ठेवायचे! चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली का करावा लागला, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने पुण्याच्या मैदानावरचे हे मातीचे भांडे आठवावे.

१८९६ साली प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईस आले. येथे रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघातही जागा मिळाली. मुंबईत शिवाशिवीचे बंधन पुण्याच्या मानाने सैल होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघ आणि युरोपियन संघ यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. राज्य करणाऱ्यांचा १०९ धावांनी पराभव झाला आणि देशभर त्याचा बोलबाला झाला. त्या संघात बाळू होते आणि शिवरामही होते. दोन चर्मकार भाऊ बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून खेळले, याची दखल त्या वेळच्या सुधारक वर्तमानपत्रांनीही घेतली.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. पण त्यांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक. संघाची कामगिरी बेताचीच झाली. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यांपैकी २ जिंकले. परंतु त्याच दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. परक्या देशातली थंड हवा, परके अन्न आणि एवढ्या मोठ्या दौऱ्याचा भार एका हातावर. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन संघांवर विजय मिळाले, त्यांत या दोघा भावांचा मोठा वाटा होता. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली. तेव्हा बाळूंची छपन्नी झाली होती. नाही तर हे नाव आज वेगळ्याच रकान्यात छापले गेले असते.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राची जबाबदारी कॉलेजात शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या तरुणाकडे होती, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. हे वाचताना आम्हांला विशेष वाटते. समाजाजवळ तेव्हा ना सत्ता, ना पैसा, ना पदव्या. अशा वेळी ज्याच्याकडे बोट दाखवून आमचाही माणूस कुणापेक्षा कमी नाही असे म्हणता येईल, असे नाव बाळूंचे होते.

इतके सारे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद कधी मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली. त्यांच्यापेक्षा कमी योग्यतेची माणसे कप्तान झाली आणि बाळू त्यांच्या हाताखाली निमूटपणे गोलंदाजी करत राहिले. तोवर घरात चार क्रिकेटपटू तयार झाले होते : बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. थोरल्याने वाट पाडली, त्या वाटेने तिघे धाकटे आले. १९२० साल उजाडले. त्याच वर्षी गणपत गेले. त्याच वर्षी बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कप्तान आजारी पडला तेव्हा त्याची जागा पुन्हा दुसऱ्यालाच देण्यात आली. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारणही जाहीरपणे सांगितले. नेमणूक जातीवर नव्हे, गुणावर झाली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकमत भावांच्या बाजूने वळले. पुढल्या सामन्यात दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान नेमले गेले आणि कप्तान मैदानाबाहेर गेला असता काही काळ बाळूंनी संघ चालवला.

तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटा विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. जे थोरल्याला नाकारले ते धाकट्याच्या पदरात पडले. विठ्ठल पालवणकरांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, तेही मराठीत. ज्यांना जमेल त्यांनी ते मिळवून वाचावे.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न निघाला तेव्हा बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. ते संयुक्त मतदारसंघाच्या पक्षाचे होते. पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना मान्य झाली नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांनाच मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. समाजाने कौल कुणाला दिला ते स्पष्ट आहे आणि पुढच्या इतिहासाने तो कौल बरोबर ठरवला.

यामुळेच आपल्यातले काही जण बाळूंचे नाव घ्यायला कचरतात. आम्हांला ते पटत नाही. बाळूंचा मार्ग चुकला, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. गुण दाखवला की सवर्ण समाज आपोआप दार उघडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. स्वतःच्या आयुष्यात वीस वर्षे ते दार बंद पाहूनही त्यांनी ती सोडली नाही. बाबासाहेबांनी ओळखले की दार विनवण्यांनी उघडत नाही, हक्क कायद्याने आणि संघटनेने मिळवावा लागतो. दोघांत हा फरक होता. पण मतभेद आहे म्हणून माणसाचे श्रम पुसून टाकायचे, हा न्याय आपला नव्हे. तो न्याय आपल्यावर इतरांनी पुष्कळ चालवला आहे. आपण तो आपल्याच माणसावर चालवू नये. शिवाय ज्यांनी बाळूंना बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले त्यांनी तरी त्यांची आठवण किती ठेवली? ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने झाली. त्यांच्या नावाचा गाजावाजा त्यानंतर फारसा कुणी केला नाही.

आमच्या घरच्या वाचकांनी यातून काय घ्यावे? गोलंदाजीचे आकडे कालांतराने विसरले तरी चालतील. मैदान झाडण्याचे काम मिळाले तेव्हा बाळूंनी ते नीट केले आणि झाडताझाडता विद्या उचलली. पण ती विद्या त्यांनी एकट्यापुरती ठेवली नाही. स्वतःची फलंदाजी ज्याला करू दिली नाही, त्याने आपले भाऊ फलंदाज होताना पाहिले. आमच्या वस्त्यांत अशी थोरली भावंडे आजही आहेत. गिरणीत, गोदीत, झाडूखात्यात राबून त्यांनी धाकट्यांना शाळा-कॉलेजात घातले. त्यांची नावे कोणत्याही रकान्यात छापली गेली नाहीत. धाकट्यांनी साहेब झाल्यावर तरी त्यांना विसरू नये.

आणि एक. धाकटा शिकला की त्याने अन्यायाच्या वेळी थोरल्यासाठी उभे राहावे. १९२० साली शिवराम-विठ्ठलने तेच केले. थोरला गप्प होता. धाकटे बोलले आणि संघातली जागा पणाला लावून बोलले. शिक्षणाचा उपयोग याहून दुसरा काय?

मुलांना क्रिकेट जरूर खेळू द्या. अभ्यास सांभाळून खेळू द्या. आणि संध्याकाळी बोळातून घरी आली की पाणी देता देता त्यांना विचारा, बाळू पालवणकर कोण होते? माहीत नसेल तर जवळ बसवून सांगा. आपली माणसे आपणच सांगितली पाहिजेत.

जयभीम.