गड नहाणे : आश्विनातील राजगड आणि एक विसरलेले काम

१/
भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, मावळात भाताला लोंब्या धरतात आणि गुंजवण्याच्या वाटेवर गर्दी होते. पहाटे निघावे, चोरदरवाजाने पद्मावती माची गाठावी, बालेकिल्ला व नेढे पाहावे आणि दिवस मावळण्याआधी खाली उतरावे, असा राजगडाचा एका दिवसाचा ठरलेला क्रम आहे. या क्रमात दृश्य भरपूर आहे; मात्र जे पाहायला हवे, तेच बहुधा सुटते.

२/
शिवकाळ जवळून पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लढाईइतकाच विचार देखभालीचा आहे. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापावीत, तटावरचे व तटाखालचे गवत जाळून गड स्वच्छ करावा, अशी आज्ञा आहे. या कामाला तिथे सुंदर शब्द आहे : गड नहाणणे. जणू पावसाळ्यानंतर गडाला न्हाऊ घालायचे.

३/
हा केवळ टापटिपीचा सोस नव्हता. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबराचे बी तटाच्या सांध्यात पडते. पहिल्या वर्षी ते बोटभर रोप असते. पुढे मूळ चुन्याच्या सांध्यात शिरते, जाड होते, दगड सरकवते. त्या फटीतून पाणी आत झिरपते आणि एखाद्या पावसाळ्यात तट बाहेर फुगून ढासळतो. गवताचा धोका वेगळा : पुरुषभर वाढलेल्या गवतातून शत्रू तटाच्या पायथ्याशी येऊन बसला, तरी पहारेकऱ्याला दिसत नाही.

४/
या कामाची निकड ऋतूने ठरवलेली होती. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, घोड्यांना चारा तयार; मराठ्यांच्या मोहिमांचा आणि शत्रूच्या स्वारीचाही हाच हंगाम. म्हणून पाऊस थांबणे आणि फौजा हलणे यांमधले मोजके दिवस गडाच्या दृष्टीने मोलाचे होते.

५/
पाण्याचेही तसेच. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी खोदून पाणी राखावे, असे आज्ञापत्र सांगते. तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात, हे त्यामागचे कारण. आश्विनात पद्मावती तलाव आणि बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे पाण्याने भरलेले असते. पुढचे आठ महिने शिबंदीला जगवणारी ही शिल्लक आहे, हे ध्यानात आले की त्या पाण्याचे मोल कळते.

६/
संजीवनी माची याच दृष्टीने पाहावी. तीन टप्प्यांत उतरत जाणारी ही चिंचोळी सोंड, तिची दुहेरी तटबंदी, दोन भिंतींमधली जेमतेम माणूस जाईल एवढी वाट आणि चोरदिंड्या ही दुर्गरचनेची शिखरे मानली जातात. मात्र दोन तट म्हणजे सांधे दुप्पट आणि मुळांना वावही दुप्पट. जितकी अप्रतिम रचना, तितकी तिची निगा अवघड.

७/
काहींचा आक्षेप असतो : हे काम सरकारी खात्याचे, गिरिप्रेमींनी त्यात का पडावे? आक्षेप निम्मा खरा आहे. उत्साहाने रोप उपटणाऱ्याच्या हाती मुळासकट सांध्यातला चुना आणि दगडही येतो. ते काम जाणकारांनीच करावे. गवत पेटवणे तर आज सर्वथा अयोग्य. त्यात सोनकी-तेरड्यासह डोंगराचे सारे जीवन होरपळते. तिनशे वर्षांपूर्वीची आज्ञा शब्दशः पाळायची नसते, तिचा हेतू पाळायचा असतो.

८/
उरलेला निम्मा भाग मात्र प्रत्येकाचा आहे. दरवर्षी आश्विनात त्याच बुरुजाचे, त्याच जागेवरून घेतलेले छायाचित्र ही साधी गोष्ट. पण तीन वर्षांत मूळ किती वाढले, तट किती सरकला, हे त्यातून दिसते आणि राज्य पुरातत्त्व विभागाला दाखवता येते. टाक्यात न उतरणे, तटावर न चढणे, आपला कचरा खाली नेणे यालाही परवानगी लागत नाही. रस्त्यांवर, तटावर केर पडू देऊ नये. तो जाळून राख परसात घालावी व तीवर भाजीपाला करावा, इथवर आज्ञापत्राची नजर पोहोचली होती. वेष्टने आणि बाटल्या तिथेच टाकून ‘जय शिवराय’ची घोषणा देणाऱ्याने हे वाक्य आठवावे.

९/
जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. राजगड त्यांपैकी एक. अभिमान रास्तच आहे. परंतु पिंपळाचे मूळ मानपत्र वाचत नाही. यादीत नाव येण्याने गड टिकत नसतो. दर वर्षी कोणीतरी त्याच्याकडे काळजीने पाहते, म्हणून टिकतो.

१०/
शिवरायांच्या राज्याची ही पहिली राजधानी. १६५९ मध्ये सईबाईंनी येथे देह ठेवला, १६७० मध्ये राजारामांचा जन्म येथेच झाला. ज्या अनाम माणसांनी दर आश्विनात विळे-कोयते घेऊन हे तट न्हाऊ घातले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. त्यांचे काम मात्र अजून उभे आहे. एका दिवसाची चढाई करणाऱ्याने निदान ते ओळखावे. इतिहासप्रेमाची परीक्षा घोषणेच्या आवाजात होत नाही; ती तटाच्या सांध्यात उगवलेले बोटभर रोप वेळेत दिसते की नाही, यात होते.