आभाळ मोठं, डोळे थोडे

समजा, पिंगळीच्या शिवारात 10 मीटर उंचीवर रडार बसवलं. जमिनीपासून 100 मीटरवरून उडत येणारं विमान त्याला साधारण 50 किलोमीटरवर आल्यावरच दिसेल. यंत्रात खोट नाही. पृथ्वीचा गोलावा आड येतो. रडार 9 किलोमीटर उंच नेलं, की हीच आड 400 किलोमीटरपलीकडे सरकते. हवाई पूर्वसूचना विमान म्हणजे असा उडता टेहळणी बुरूज.

आपण हे कधीच ओळखलं होतं. पण 11 जानेवारी 1999 ला तमिळनाडूत अरक्कोणमजवळ, पाठीवर रडारची तबकडी असलेलं चाचणीचं अ‍ॅव्हरो विमान कोसळलं. शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे मिळून आठ जण गेले. प्रकल्प थांबला. नवी मंजुरी 2004 ची, आणि डीआरडीओचं ‘नेत्र’ हवाई दलाला मिळालं फेब्रुवारी 2017 मध्ये. दरम्यान 2009 पासून इस्रायली रडारची तीन ‘फाल्कन’ विमानं आली.

पण विमानाला इंधन लागतं, दुरुस्ती लागते, आतल्या माणसांना झोपही. एकाच पट्ट्यावर चोवीस तास पहारा द्यायचा तर आळीपाळीनं अनेक विमानं हवीत. आपल्याला तर पश्चिम आणि उत्तर, दोन्हीकडे बघायचंय.

अपघातानंतर चौकशी व्हावीच. पण संशोधन थांबलं, तर गेलेली वर्षं पैसे मोजूनही परत मिळत नाहीत.